कानात सांगायची गोष्ट

नीलमला काही सांगायची सोय नव्हती. सांगितलं की ती लिहून घ्यायची. एकदा जेवायच्या सुट्टीत मी सहज म्हटलं, माझी आई भरल्या वांग्यात गुळाऐवजी काकवी घालायची, तर बयेनं डबा बाजूला सारून फोन काढला. "आक्का, परत सांगा, कवा घालायची? वांगी शिजल्यावर का आधी?" मी म्हटलं, "अगं, घास तरी गिळू दे मला."

आमचा संघ म्हणजे शेतकऱ्यांना बियाणं, खत, पेंड पुरवणारी सहकारी संस्था. मुख्य कचेरी बेळगावात आणि डेपो खेड्यापाड्यांत. मी आवक-जावक बघते. म्हणजे येणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावर येतो आणि त्यातले निम्मे तिथंच झोपी जातात, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. नीलम माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, अजूनही बसते. दिसायला साधी, केसांची वेणी, पायांत रबरी चपला. पण डोकं असं चालायचं की समोरच्याला दम लागावा.

ती सांबऱ्याची, विमानतळाच्या गावची. विमान उतरतं तेव्हा तिच्या घरातली भांडी वाजतात. तिचे वडील अमृतआप्पा शेतात राबणारे, हुन्नरी गडी. विहिरीपासून चारी वावरांपर्यंतची पाइपलाइन त्यांनी स्वतःच्या हातानं पुरली होती. कुठं वळण आहे, कुठं जोड आहे, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बांधाखाली आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच आप्पा गेले. मग उन्हाळ्यात कुठंतरी पाइप फुटला आणि पाणी येईना. आई आणि दोघी मुली कुदळ घेऊन वावर उकरत बसल्या. पाइप सापडेपर्यंत पलीकडचं बटाट्याचं वावर करपून गेलं होतं. "आप्पा गेले ते गेले आक्का, पण पाइप कुठं पुरल्यात ते बी संगं घेऊन गेले," हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी सांगताना तिला नव्यानं राग यायचा. आप्पांचा नाही, न विचारल्याचा.

ती पुढं कॉम्प्युटर शिकली, बेंगळुरात एका कंपनीत नोकरीला लागली. ती कंपनी मोठमोठ्या कारखान्यांसाठी असं काहीतरी बनवायची की जुन्या कामगारांना जे येतं ते सगळं कॉम्प्युटरात साठवायचं आणि नव्यांनी त्यावरून शिकायचं. आई एकटी पडली म्हणून ती परत आली आणि आमच्या संघात चिकटली. तेव्हाच आमच्या चेअरमनसाहेबांना कुठल्याशा मेळाव्यात कळलं होतं की दुसऱ्या एका संघाकडं 'ॲप' आहे. शेजारणीनं साडी घेतली की आपल्यालाही हवी, तसं ते झालं. काम नीलमच्या गळ्यात पडलं आणि तिला तर तेच हवं होतं.

तिनं त्याला नाव दिलं 'शिदोरी'. प्रत्येक डेपोत एक टॅब आणि टॅबात प्रत्येक सभासदाचंही एक पान, कार्ड लावलं की उघडणारं. त्यात काय नव्हतं? बियाण्याची पोती भिंतीला टेकवून का ठेवायची नाहीत, कुठल्या डेपोचं शटर आधी वर उचलून मग किल्ली फिरवावी लागते, टोका किडा लागलेलं बियाणं वासावरून कसं ओळखायचं. नीलम डेपो-डेपो हिंडून जुन्या माणसांना बोलतं करायची, रेकॉर्ड करायची, मग नीट मराठीत लिहून त्यात घालायची. बटण दाबलं की टॅबमधली बाई खणखणीत आवाजात सगळं वाचून दाखवायची, कारण आमच्या डेपोवाल्यांचे हात कायम पोत्यांत. ही बाई नीलमचा खास अभिमान होती. लोक तिला शिदोरीबाई म्हणायला लागले. आणि प्रत्येक माहितीखाली सांगणाऱ्याचं नाव असायचं. "ज्याचं त्याला श्रेय मिळायलाच पाहिजे," असं नीलमचं म्हणणं. माझी काकवीसुद्धा त्यात कुठंतरी आहे, माझ्या नावासकट.

मी चेष्टा करते, पण शिदोरीनं कामं केली. नवीन माणूस डेपोवर गेला की पूर्वी वर्षभर लोकांच्या शिव्या खायचा, तो आता महिन्याभरात रुळायला लागला. नीलमचा शब्द कचेरीत चालू लागला. आणि ती खूश होती, हे सांगायला पाहिजे, कारण तशी खूश ती मला पुन्हा दिसली नाही.

जांबोटीच्या डेपोचे सिद्रामअण्णा निवृत्त व्हायचे होते. अण्णा मूळचे आमच्या खासबागेतले, माझ्या घरापासून चार दारं सोडून घर. पण उभी नोकरी जांबोटीत गेली. तिथला पाऊस, तिथल्या कधी येतील कधी नाही अशा बशी, आठवडाभर तिथंच राहायचं आणि रविवारी घरी यायचं. त्यांच्या डोक्यात सगळा मुलूख होता. नीलम त्यांच्याकडं जाऊन राहिली आणि वह्या भराव्यात तसा तिनं फोन भरून आणला.

निघताना बसची वाट बघत दोघं डेपोच्या पायरीवर बसले होते, तेव्हा अण्णांनी तिला एक गोष्ट सांगितली.

"मारुतीराव म्हणून सभासद हाईत आपले. पलीकडच्या वाडीतले. मोठा माणूस, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष. त्यास्नी वाचाय येत न्हाय. सही करत्यात ती गिरवून गिरवून बसलेली. त्यांच्या हातात कागद द्यायचा न्हाय. चष्म्याला नावं ठेवायची, छपाईला नावं ठेवायची आणि आपणच मोठ्यानं वाचायचं. त्यांच्या एकट्याचा वाचला तर ध्यानात येईल, म्हणून मी सगळ्यांचेच कागद मोठ्यानं वाचतो. कुणाला पत्ता न्हाय." मग म्हणाले, "हे तुझ्या त्या टॅबात घालू नको गं. माझ्या जागी कोण येईल त्याच्या नुसतं कानावर घाल."

नीलम 'व्हय' म्हणाली. आणि तिनं ते टॅबात घातलं.

का घातलं, हे तिनं मला नंतर सांगितलं आणि मला तिचा रागही आला आणि कीवही. परतीच्या बशीत तिच्या मनात आलं, आज मी नव्या माणसाच्या कानात सांगीन, पण तो बदलून गेला तर? त्याच्या पुढच्याला कोण सांगणार? एखाद्या दिवशी कुणी अडाण्यासारखा मारुतीरावांच्या हातात कागद देईल आणि चारचौघांत त्यांची शोभा होईल. ती होऊ नये म्हणून तिनं मारुतीरावांच्या पानावर ती गोष्ट व्यवस्थित लिहिली. आपल्या भाषेत, आदरानं. आणि नियमाप्रमाणं खाली अण्णांचं नाव घातलं. झाकायचं ते नीट जपून ठेवावं म्हणून तिनं चव्हाट्यावर ठेवलं आणि तिला ते कळलं नाही. हुशार माणूसच असली चूक करू जाणे. माझ्यासारखीनं कागद टेबलावरच झोपवला असता.

अण्णांच्या जागी दिपाली म्हणून पोरगी आली. गुणी, कामाला वाघ. शिदोरीत आहेच म्हणून नीलमनं तिच्या कानावर वेगळं काही घातलं नव्हतं. भात लावणीचे दिवस, युरियाची गाडी आलेली, डेपोच्या पत्र्याखाली ही गर्दी. मारुतीराव रांगेत होते. अध्यक्ष म्हणून त्यांना कोणीही पुढं घेतलं असतं, पण ते रांग मोडणारे नव्हते. त्यांच्या मागं शाळेचे मास्तर होते. मारुतीरावांची पाळी आली, दिपालीनं त्यांचं सभासदाचं कार्ड टॅबला लावलं, पान उघडलं. तिचे हात पोत्याच्या सुतळीत अडकलेले. नीलमनं शिकवलं होतं तसं तिनं कोपरानं बटण दाबलं.

आणि शिदोरीबाई खणखणीत आवाजात बोलली. "सभासद मारुतीराव. यांना वाचता येत नाही. सही गिरवून करतात. यांच्या हाती कागद देऊ नये. काही निमित्त काढून आपणच मोठ्याने वाचून दाखवावा. ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येऊ देऊ नये. माहिती देणार, सिद्राम, डेपो प्रमुख."

दिपालीनं बंद करायला बटण शोधलं ते घाईत सापडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

नीलमला फोनवर हे सांगताना दिपाली हुंदके देत होती. कोणी हसलं नाही म्हणाली. मागं कुणीतरी एक जण फिसकन हसला, तेवढंच. मारुतीरावांनी कार्ड उचललं, खिशात घातलं, आणि पोती तिथंच सोडून पावसातून चालत गेले. मास्तर त्यांच्या मागं दोन पावलं गेले आणि परत फिरले.

फोन ठेवला तेव्हा नीलमचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक. "मी मारलं त्यांना आक्का," ती म्हणाली. मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस, पाणी पी."

तिनं ताबडतोब ती ओळ पुसली. पण पुसून ती जाईना. शिदोरीत 'आधीचं बघा' म्हणून एक बटण होतं. कुणी रागाच्या भरात माहिती पुसली तर नुकसान होऊ नये म्हणून तिनंच केलेलं. शिवाय जांबोटीकडं रेंज नसते म्हणून सगळ्या डेपोंच्या टॅबवर सगळं उतरवून ठेवलेलं, तेही तिनंच. ती रजा टाकून डेपो-डेपो फिरली आणि स्वतःच्या हातानं एकेका टॅबमधून ते काढलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "एका ओळीचं काय एवढं घेऊन बसलीस?" ती पिशवी उचलून पुढच्या डेपोकडं निघाली. मीच बोलले, आणि ते काय ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मारुतीरावांनी शाळेच्या कमिटीचं अध्यक्षपद सोडलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याला आले नाहीत. दर वर्षी तिथं हातात कागद न घेता ते भाषण करायचे आणि लोक म्हणायचे, बघा, माणूस पोटातनं बोलतो. खतासाठी ते आता डोंगर उतरून खानापूरला जातात, असं दिपालीनं सांगितलं. ते ऐकलं आणि नीलम म्हणाली, "मी जाणार त्यांच्याकडं." एकटी जायची हिंमत नव्हती, म्हणून मला ओढलं.

जांबोटीत उतरून चिखलातून बरंच चालावं लागलं. यशोदाबाईंनी, म्हणजे मारुतीरावांच्या बायकोनं, पाय धुवायला पाणी दिलं. आम्ही कोण ते कळल्यावरही दिलं. मारुतीराव सोप्यात बसले होते. उंच, ताठ माणूस, पांढऱ्या मिशा. नीलमनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडायलाच लागली. त्यांनी तिला उठवलं.

"तुझ्यावर राग न्हाय पोरी. तू मला वळखत बी न्हाईस." मग त्यांनी तिला समोर बसवलं. "मला एक सांग. सिद्रामला पहिल्यापासनं ठावं हुतं?"

नीलमनं मान हलवली.

"मला वाटायचं, मोठ्यानं वाचायची त्याची खोडच हाय. मी त्याला चिडवायचो. सगळ्या डेपोसमोर म्हणायचो, सिद्रामा, बिगरीतल्या पोरागत काय वाचतोस रं, मनात वाचाय शिकलास का न्हाईस? आणि तो हसायचा. सगळी हसायची. तो बी हसायचा. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू मी?"

यशोदाबाई दाराशी उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. नीलमनं पुष्कळ माफी मागितली. ते "असू दे, असू दे" म्हणत राहिले. परत येताना बशीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून.

सिद्रामअण्णांना सांगणं त्याहून अवघड होतं. खासबागेत त्यांच्या घरी ती गेली आणि सगळं सांगितलं. चिडवण्याचंही सांगितलं. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कानावर घाल म्हटलं हुतं गं तुला." मग दर रविवारी ती त्यांच्याकडं जायला लागली. कधी भाजी घेऊन, कधी औषध घेऊन. मी म्हणायचे, अगं, तू जातेस आणि त्या म्हाताऱ्याला आठवण होते. पण तिला तिकडं गेल्याशिवाय राहवायचं नाही. अण्णा तिच्याशी नीट बोलायचे, फक्त जांबोटीचं नाव काढायचे नाहीत. आधी त्यांच्या तोंडी दुसरा विषय नसायचा.

तुळशीची लग्नं झाली आणि लगीनसराई सुरू झाली. एका रविवारी मीही नीलमबरोबर अण्णांकडं बसले होते, आणि दारात मारुतीराव.

आमच्याकडं जवळच्या माणसाला पत्रिका दुसऱ्याच्या हाती पाठवत नाहीत. बोलणं बंद असलं तरी घरी जाऊन हातात द्यावी लागते. नातू विक्रमचं लग्न ठरलं होतं. मारुतीराव आत आले, खुर्चीवर टेकले. अण्णा उठले, पुन्हा बसले. सुनेनं पाणी आणलं. नीलमला पाहून मारुतीरावांनी नुसती मान हलवली. तिला उठून जावं असं वाटत होतं, पण मध्येच उठणं बरं दिसेना.

"विक्रमचं लगीन हाय. या सगळी," म्हणून त्यांनी हळदकुंकू लावलेली पत्रिका अण्णांच्या हातात दिली.

पत्रिका हातात आली की माणूस उघडतो आणि मुहूर्त, कार्यालय वाचून बोलतो, ही रीतच आहे. अण्णांनी उघडली. सवयीनं त्यांचं तोंडही उघडलं. आणि मिटलं. मोठ्यानं वाचावं तर समोरच्याला सुई टोचल्यासारखं, मनात वाचावं तर त्याला बाहेर ठेवल्यासारखं. ते पत्रिका धरून नुसते बसून राहिले. मी नीलमकडं पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

शेवटी मारुतीरावच बोलले. "वाच की. तूच वाच. आधी कसं, मला येत न्हाय हे कुणाला ठावं नव्हतं, म्हणून कुणी मला फशीवत नव्हतं. म्हातारा वाचंल म्हणून भ्यायची. आता पोरं काय बी छापतील आणि काय बी सांगतील. मला कसं कळायचं?" ते पुढं झुकले. "माझं नाव सगळ्यात वर घातलंय म्हणत्यात. घातलंय का रं? तू कवा मला चुकीचं वाचून दाखवलं न्हाईस. म्हणून आलतो."

मी आणि नीलम अण्णांच्या बाजूलाच होतो. 'आपले नम्र' म्हणून खाली नावं होती ती आम्हाला दिसत होती. पहिलं थोरल्या मुलाचं, मोठ्या अक्षरात, हुद्द्यासकट. मग धाकट्याचं. मग गावातल्या कुणा कंत्राटदाराचं. मारुतीरावांचं शेवटी, बारीक.

अण्णांनी चष्मा सारखा केला. बोट थोरल्या मुलाच्या नावावर ठेवलं.

"हाय की. हे बघा. सगळ्यात वर. मोठ्या अक्षरात."

मारुतीरावांनी त्या बोटाखालच्या अक्षरांकडं बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ते म्हणाले. चहा घेतला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, "लग्नाला ये बरं का" म्हणाले आणि गेले.

अण्णा पत्रिका मांडीवर घेऊन तसेच बसले. मग आमच्याकडं न बघताच म्हणाले, "आज पैल्यांदा त्येला चुकीचं वाचून दाखवलं."